नावावर पट्टी लावणारे काका

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निघतील, आणि अक्षराबद्दल तर बोलायलाच नको. पोळी लाटताना माझा हात बरोबर गोल फिरतो, पेन धरला की अडतो. मी चौथीपर्यंत शिकले, त्यालाही आता तीस वर्षं होत आली. ही वही मुलीची आहे, बारावीची. मागची पानं कोरी राहिली होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून लिहायला बसले. कोणाला दाखवायचं नाही. तरी चुकून कोणाच्या हाती लागलीच, तर जिथं समजणार नाही तिथं मोठ्यानं वाचून पाहावं. मी बोलते तसंच लिहिलं आहे.

ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांना मी काका म्हणायची. महाल भागात एका अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत ते एकटे राहायचे. मी त्यांच्याकडे सकाळी साडेनऊला स्वयंपाकाला जायची आणि दहाला दहा मिनिटं कमी असताना पुढच्या घरी निघायची. आता ते पुण्याला मुलाकडे असतात. त्या खोल्यांत शिकवणीचे वर्ग भरतात. खालून जाताना मी अजून वर पाहते.

काका नोकरीत वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, पंचनामा करायचा, हे त्यांचं काम. रिटायर होऊन दहा वर्षं झाली होती, पण सवय रिटायर झाली नव्हती. बाजाराच्या पिशवीत अर्ध्या किलोचं पितळी वजन असायचं. भाजीवाल्या त्यांना लांबूनच ओळखायच्या. एक म्हातारी तर म्हणायची, "काका, तुम्हीच तोला अन् तुम्हीच पैसे सांगा. मी इथं निस्ती बसून राहते." काका खरंच तोलायचे. एकदा तिच्या काट्यात त्यांना उलटीच खोट सापडली. ते तिला म्हणाले, "तुझा काटा तुलेच लुटून राहिला वं. किलोमागं वीस ग्राम जास्त देऊन राहिली तू." आणि दोन जुड्यांचे पैसे जास्तीचे देऊन आले.

मी भाकर ताटात वाढली की ते ती तळहातावर घ्यायचे आणि एक आकडा म्हणायचे. "एकशे वीस." सुरुवातीला मला वाटलं, जेवणाआधीचा काही मंत्र असेल. मग एकदा त्यांनी भाकर काट्यावर ठेवली. एकशे अठरा भरली. ते थोडे खट्टू झाले. "दोन ग्रामची चूक. हाताचं वय झालं," असं म्हणून जेवायला बसले.

दुकानदाराचा चहा त्यांनी सगळ्या नोकरीत घेतला नव्हता. कुठंही गेले तरी स्वतःचा चहा थर्मासमध्ये घेऊन जायचे. मी एकदा घरून तिळाची चटणी नेली, तर तिचे पैसे देऊ लागले. मी घेईना. मग चटणी तशीच दोन दिवस ओट्यावर राहिली, शेवटी मी परत आणली.

पण सगळ्यांत नवल वाटायचं ते पट्ट्यांचं. घरातल्या प्रत्येक वस्तूवर जिथं कंपनीचं नाव छापलेलं असेल तिथं काका जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी लावायचे. लोणच्याच्या बरणीवर, बिस्किटाच्या पुड्यावर, पंख्यावर, टीव्हीवर. मी विचारलं, "असं काहून करता जी?" तर म्हणाले, "नाव वाचलं का जीभ थांबते. मग नावच चव घेते." पहिल्या आठवड्यात सगळे डबे सारखेच दिसायचे, म्हणून मी वरणात मिठाऐवजी खायचा सोडा टाकला. त्यांनी ते पूर्ण खाल्लं. ताट ठेवताना फक्त म्हणाले, "मीठ कमी हाय थोडं."

अशा माणसाला सत्तरीत कॅमेऱ्यांचं वेड कसं लागलं, याचंही एक कारण होतं. त्यांची मोठी बहीण खाप्याला राहायची. ती गेली तेव्हा काकांचा पाय प्लास्टरमध्ये होता. भाचा म्हणाला, मामा, तुम्हाला मोबाइलवर सगळं दाखवतो. कोणीतरी मोबाइल धरला. काका सांगायचे, "पंधरा मिनिटं मले चपला दाखवल्या बाई. चपला, मग लिंबाचं झाड, मग पुन्हा चपला. बाया रडून राहिल्या ते ऐकू येत होतं. बहीण दिसली नाही." हे ते चिडून सांगायचे नाहीत, तक्रार नोंदवावी तसं सांगायचे. "दुकानात कमी माप दिलं तर गिऱ्हाईक माझ्याकडे येत होतं. दुरून पाहणाऱ्याले कमी माप दिलं, तर तो कोणाकडे जाईन?"

म्हणून त्यांनी ठरवलं की लग्न, बारसं, तेरवी, जे काही असेल ते दूरच्या नातेवाइकांना घरबसल्या दाखवायचं. कॅमेऱ्याची वायर एका डबीला, डबी लॅपटॉपला, आणि लॅपटॉपवरून जगात कुठंही. पेन्शनवर राहणाऱ्या माणसाला परवडेल एवढाच जोडधंदा करायचा. मुलगा पुण्याहून फोनवर रागवायचा की बाबा, स्वस्थ बसा. काका म्हणायचे, "स्वस्थच तर बसलो हाय. कॅमेरा उभा राहीन."

मी विचारलं होतं, मोबाइल असताना कॅमेरा कशाला. ते म्हणाले, "मोबाइलवर फोन आला का लग्न बंद. अन् दुरून नवरीचं तोंड जवळ आणलं का पिठासारखं होते."

सीताबर्डीच्या एका जुन्या मालाच्या दुकानातून ते अनामत ठेवून दोन-दोन दिवसांसाठी कॅमेरे घरी आणू लागले. एका सकाळी मी गेले तर ओट्यासमोर तीन कॅमेरे तीन पायांच्या स्टँडवर उभे. तिघांच्या नावावर पट्टी, आणि पट्टीवर अक्षर. क, ख, ग. मी दारातच थांबले. मला फोटोचीसुद्धा लाज वाटते. लग्नाच्या फोटोत मी खाली पाहते आहे, आणि आधार कार्डावर अशी दिसते की कोणी नुकतंच रागावलं असावं.

"ये, ये. तू तुझ्या भाकरी कर," काका म्हणाले. "मधूनमधून टीव्हीत पाह्य अन् काय दिसते ते सांग."

मी भाकर थापली. टीव्हीत तिन्ही कॅमेऱ्यांतून आळीपाळीनं माझे हात दिसत होते.

"काय दिसून राहिलं?"

"भाकर."

"ते मलेही दिसून राहिलं. कशी दिसते?"

"मले कुठं समजते जी त्यातलं. मी चौथी शिकली."

"म्हणूनच विचारून राहिलो. मी नाव वाचलं, किंमत वाचली, आता मले महागाचं तेच चांगलं दिसते. माझा डोळा गेला. तुझा शाबूत हाय."

असं मला कोणी कधी म्हटलं नव्हतं. मी टीव्हीकडे नीट पाहिलं. मग हळूच सांगितलं की 'ख'मधला जाळ पांढरा आहे, आपला तर निळा आहे. 'क'मध्ये हळद बेसनासारखी दिसते. 'ग'मध्ये हळद हळदीसारखी आहे, आणि माझ्या बांगड्याही बरोबर पितळेच्या दिसतात. काका भराभर लिहून घेत होते. "शाब्बास. सोनं पितळेसारखं दिसलं तर सासरचे भांडतीन, पितळ सोन्यासारखं दिसलं तर माहेरचे. बरं, चेहरा कसा दिसते तुझा?"

"चेहरा मी नाही पाहत जी. चेहरा सोडून सगळं सांगते."

त्यांनी वहीत लिहिलं, आणि मला वाचून दाखवलं: "चेहरा. साक्षीदाराचा नकार."

पुढचे काही आठवडे हेच चाललं. कॅमेरे यायचे, जायचे. मला त्यात गोडी लागली हे मी घरी सांगितलं नाही. काळ्या काठाची काळी साडी खिडकीजवळ टांगायची आणि काठ दिसतो का पाहायचं. लाल रस्सा आणि कुंकू शेजारी ठेवायचं. एका कॅमेऱ्यात छताच्या पंख्याची पाती वाकलेली दिसली, केळीच्या पानासारखी. मी पंख्याकडे पाहिलं, पाती सरळ. मी विचारलं, असं का. काका म्हणाले की तो कॅमेरा वरून खाली एकेक ओळ वाचत येतो, खाली पोचेपर्यंत पातं पुढं गेलेलं असतं. मला वाटलं, म्हणजे तोही माझ्यासारखाच, बोट ठेवून वाचणारा.

एकदा त्यांनी इंटरनेटवरून फिरवून चित्र मोबाइलवर दाखवलं. मी हात हलवला, मोबाइलात हात खालीच. मी हात खाली घेतला, भाकर उलटली, आणि मग मोबाइलात माझा हात वर झाला. वीस सेकंद मागून येत होता. दिवसभर पोळ्या लाटताना मी त्याचाच विचार करत होते, की ती वीस सेकंदं माझा हात कुठं होता.

क हा छोटा जुना हँडीकॅम होता. रंग फिके, पण स्वस्त. तो काकांनी आधीच घेऊन टाकला होता. दुसरा हवा होता तो ग. तो फोटोचा मोठा कॅमेरा होता, वापरलेला. दुकानदार बत्तीस हजारांच्या खाली येत नव्हता. काकांकडे बारा होते. उमरेडच्या एका घरचं लग्न त्यांनी घेतलं होतं, मे महिन्यातलं. ते म्हणाले, "फक्त 'क'वर लग्न दाखवणं म्हणजे बेसनाची हळद दाखवणं. नाही म्हणून सांगतो त्यांना."

मी परात धूत होते. पाठमोरीच होते, म्हणून बोलू शकले. "माझ्याकडे वीस आहेत जी. भिशी लागली."

हे पैसे मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे होते. दोन वर्षं भिशी भरली होती तेव्हा लागले होते. फी गणपतीच्या आधी भरायची होती. नाही भरली तर जागा जाणार, आणि मुलगी माझ्यासारखीच परात धुणार. हे सगळं मला माहीत होतं, तरी तोंडातून निघून गेलं. का, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, मी 'ग'ला चांगला म्हटलं होतं, आणि माझं म्हणणं कोणीतरी विकत घ्यावं असं मला वाटलं.

काकांनी तीन दिवस होकार दिला नाही. चौथ्या दिवशी एक कागद केला, मला वाचता यावा म्हणून मोठ्या सुट्या अक्षरांत. गणपतीच्या आधी पूर्ण परत, असं लिहून सही केली. घरी आमच्या ह्यांना सांगितलं तर ते जेवता जेवता म्हणाले, "कॅमेऱ्यातलं शिकली का आता तू? तुझी भिशी, तू पाह्य. पोरीची फी बुडाली तर मले नोको सांगू."

लग्नाच्या दिवशी आम्ही एसटीनं उमरेडला निघालो. काकांनी मला सोबत घेतलं होतं, डोळ्यांसाठी. ग पिठाच्या मोठ्या डब्यात, माझ्या जुन्या साडीत गुंडाळून ठेवला होता. काकांनी डबा खिडकीजवळच्या सीटवर बसवला. कंडक्टर आला. माझं बाईमाणसाचं अर्धं तिकीट, काकांचं म्हाताऱ्या माणसाचं अर्धं.

"डब्यानं सीट अडवली काका," कंडक्टर म्हणाला. "त्याचं कोण काढन?"

"काढतो ना. अर्धं द्या."

"वय काय त्याचं? पाच वर्षाखालचा असन तर फुकट हाय."

बस हसली. काकांना गंमत कळली नाही, किंवा कळूनही खोटं सांगवेना. "सेकंडहँड हाय. सहा वर्षांचा," ते म्हणाले, आणि खरंच अर्धं तिकीट काढलं. तिघांचं मिळून दीड तिकीट. उमरेड येईपर्यंत बायका वळून वळून डब्याकडे पाहत होत्या.

नवरीचे वडील पूर्वी हातमागावर लुगडी विणायचे. आता थोरला मुलगा दुबईला होता, आणि लग्नाचा सगळा पैसा त्याचाच होता. त्याला सुट्टी मिळाली नव्हती. तो तिकडं मोबाइल समोर ठेवून बसला होता. काकांनी गुळाचं पाणीसुद्धा घेतलं नाही, थर्मास उघडला.

मला त्यांनी स्टेजच्या बाजूच्या खोलीत बसवलं, पडद्यामागं, म्हणजे मला कोणी पाहू नये. हातात मोबाइल, त्यात दुबईत जे दिसतं तेच. आणि एका हाताला सुतळी. तिचं दुसरं टोक काकांच्या मनगटाला. रंग बिघडला तर एकदा ओढायची, चित्र गेलं तर दोनदा. लॅपटॉपवर एक दाबलं की क आणि दोन दाबलं की ग, हे मला त्यांनी शिकवून ठेवलं होतं, गरज पडणार नाही असं म्हणून.

मुहूर्त साडेअकराचा होता. काकांनी ग सव्वाअकरालाच सुरू केला. माप पूर्ण भरलं पाहिजे, सुरुवातीपासून. क हँडीकॅम दाराकडे तोंड करून ठेवला, नवरदेव येताना दिसावा म्हणून. नवरदेवाकडची मंडळी रस्त्यात नाचत राहिली. अंतरपाट धरायला पावणेबारा होत आले.

मोबाइलात सगळं सुंदर दिसत होतं. हळद हळदीसारखी, सोनं सोन्यासारखं. शेवटचं मंगलाष्टक झालं, बाहेर वाजंत्री वाजली, टाळ्या वाजल्या. मोबाइल वीस सेकंद मागं होता, त्यात अजून अंतरपाट धरलेलाच होता. नवरीच्या हातात हार होता. आणि चित्र काळं झालं.

मी सुतळी दोनदा ओढली. पुन्हा दोनदा. काका बॅटरी संपली समजून वाकून 'ग'ची बॅटरी बदलत होते, त्यांचं मनगटाकडे लक्ष नव्हतं. मला काय झालं कोण जाणे, मी पडदा सारून बाहेर आले. सगळं गाव उभं होतं, अक्षता माझ्या डोक्यावर पडत होत्या. मी खाली मान घालून स्टेजसमोरच्या टेबलापर्यंत गेले आणि लॅपटॉपवर एक दाबलं.

लॅपटॉपच्या पडद्यावर मांडवाचं दार आलं. दारात चपला. 'क'ला पुन्हा स्टेजकडे वळवायचं राहूनच गेलं होतं.

काकांनी मान वर करून ते पाहिलं. मी त्यांचा चेहरा तेव्हा पाहिला, आणि पाहिला नसता तर बरं झालं असतं. त्यांचे हात थांबले. ग चालू झाला तोपर्यंत हार गळ्यात पडून गेले होते.

नवरीनं वडिलांच्या हातून फोन घेतला. "दादा, पाह्यलं का?"

फोन मोठ्या आवाजावर होता. "मले तर चपला दिसल्या वं," भाऊ म्हणाला. "बाबाची चप्पल ओळखली मी. मीच पाठवली होती."

थोडे लोक हसले. नवरीची आई रडायला लागली. मग नवरीनंच गळ्यातला हार काढला आणि नवरदेवाला म्हणाली, "पुन्हा घालू. दादासाठी." भटजी काहीतरी पुटपुटले, पण नवरदेवानं मान वाकवली. दुसऱ्यांदा हार घातले ते दुबईत नीट दिसले. टाळ्याही पहिल्यापेक्षा जास्त वाजल्या.

जेवणं सुरू झाल्यावर काकांनी कोपऱ्यातल्या टेबलावर कागद काढला आणि पंचनामा लिहिला, स्वतःवरच. उपकरण अर्ध्या तासानं आपोआप बंद पडले, वधू-वरांचे हार दाखवले नाहीत, त्या वेळी चपला दाखवल्या, असा सगळा मजकूर. पंच म्हणून नवरीच्या वडिलांची सही आणि माझी. आगाऊ घेतलेले पैसे त्यांनी कागदाखाली ठेवले.

नवरीचे वडील गोंधळून गेले. "काका, मागावर धागा तुटला तर आम्ही गाठ मारून पुढं विणतो. लुगडं फेकत नाही. दुसऱ्यांदा तर दिसलं ना पोराले. ठेवा पैसे."

"दुसऱ्यांदा बरोबर तोललं म्हणून पहिलं माप खरं होत नाही," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानदार सहज म्हणाला, "काका, फोटोचा कॅमेरा हाय तो. अर्ध्या तासानं झोपतेच. सगळ्याले माहीत असते." सगळ्यांना होतं, आम्हाला नव्हतं. आमची प्रत्येक परीक्षा माझ्या स्वयंपाकाएवढी असायची. वीस मिनिटांत माझ्या भाकरी व्हायच्या, मी निघायची, काका कॅमेरे बंद करायचे. जन्मभर मापं तपासलेल्या माणसानं रंग मोजला, जाळ मोजला, काळा काठ मोजला. वेळ तेवढा मोजला नव्हता. आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून काकांनी मला कॅमेऱ्याबद्दल विचारणं बंद केलं.

मी पोचायच्या आधीच ते टेबलावरच्या सगळ्यावर चादर टाकून ठेवायचे. मी भाकर वाढायची, ते "एकशे पंधरा" म्हणायचे, बस. कार्यक्रमांनाही मला नेईनात. मला वाटलं, राग आहे. 'ग'ला चांगला मीच म्हटलं होतं. विचारायचं धाडस होत नव्हतं. आणि रोज झोपताना फीचे दिवस मोजत होते.

आषाढी आली आणि लग्नं थांबली. मला वाटलं, आता पैसे कुठून येणार. पण काका मुहूर्त नसलेली कामं शोधू लागले. तेरव्या, शाळेतल्या शिक्षकाचा निरोप, भागवत सप्ताह, एका सोसायटीची सभा ज्यात दोन तास पाण्याच्या टाकीवर भांडण झालं आणि अमेरिकेतला घरमालक तिथून भांडला. 'ग'साठी त्यांनी गजराचं घड्याळ घेतलं होतं. पंचवीस मिनिटं झाली की गजर, क पुढं आणायचा, ग बंद करून पुन्हा चालू करायचा. तेरवीत गजर वाजला की लोक दचकायचे, म्हणून त्यावर पायमोजा चढवला होता. हे सगळं मला काकांच्या दूधवाल्याकडून कळायचं.

एकदा मी गेले तेव्हा चादर थोडी सरकलेली होती. खाली एक नवा कॅमेरा होता, पट्टीवर अक्षर घ. माझी मान आपोआप तिकडं वळली. काकांनी चादर ओढून घेतली. जिना उतरताना ऐकलं, ते दूधवाल्याला विचारत होते, "पाह्य बरं, हळद कशी दिसते?"

"मस्त हाय काका."

"अन् जाळ?"

"तोही मस्त हाय."

"तुले सगळंच मस्त कसं दिसते गा," काका म्हणाले. फार थकलेला आवाज होता.

पैसे मात्र येत राहिले. तीन हजार, पाच हजार, पुन्हा तीन, पुन्हा पाच. प्रत्येक वेळी ते तो कागद काढायचे, मला लिहायला लावायचे, आणि पुन्हा पेटीत ठेवायचे. बोलणं नाही. मला कधी कधी वाटायचं, पैसे नकोत पण विचारा, की काय दिसून राहिलं. मग मुलीचा चेहरा आठवायचा आणि वाटायचं, नाही, पैसे हवेत.

गणपती बसायला चार दिवस होते. फी सोमवारी भरायची होती, आणि चार हजार कमी होते. शनिवारी सकाळी मी गेले तर काका अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. समोर छोटा काटा. त्यांनी नोटा काट्यावर ठेवल्या, आकडा पाहिला, मान हलवली. मग म्हणाले, "मोज."

मी मोजल्या. पाचशेच्या आठ.

"लिही. पूर्ण मिळाले."

मी लिहिलं. पूर्णमधला ऊ त्यांनी सांगितला तसा दीर्घ काढला. त्यांनी कागद घेतला, माझ्यासमोर फाडला, चार तुकडे केले आणि ओट्याजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले.

"आता सांगतो," ते म्हणाले. "ज्याचे पैसे दुकानात असतीन, त्यानं त्या दुकानाचा काटा तपासायचा नाही. नोकरीत हा नियम होता. तुझे पैसे 'ग'मध्ये होते. मी तुले घ दाखवला असता तर तू 'ग'चीच बाजू घेतली असती, नाहीतर भेऊन 'घ'ची. डोळा शाबूत राह्यला नसता. म्हणून नाही विचारलं."

"मले वाटलं, तुमचा राग हाय जी."

"राग कायचा? पंचनाम्यात तुझी सही पंच म्हणून हाय, आरोपी म्हणून नाही."

मी नोटा पदराला बांधल्या. गाठ दोनदा मारली. काकांनी उठून चादर काढली. घ खिडकीकडे तोंड करून उभा होता, आणि टीव्हीत आमची खोली दिसत होती. ओटा, परात, हळदीचा डबा, आणि एका कडेला पदर धरून उभी असलेली बाई. मी तिच्याकडेही पाहिलं.

"बोल," काका म्हणाले. वही उघडून, पेन घेऊन बसले. "काय दिसून राहिलं?"

मी परात पुढं ओढली आणि पीठ काढलं, नेहमीपेक्षा दुप्पट.

"थांबा जी," मी म्हटलं. "आधी घड्याळ लावा."